तोंडाला तांब्याची चव

आमच्या भूलवाल्या बाईंचं आडनाव गोडबोले. ते सासरकडून आलं. जीभ त्यांनी माहेरून आणली होती, आणि लग्नात नाव बदलायची पद्धत असली तरी जीभ बदलायची नाही, त्यामुळे ती तशीच राहिली.

मी दुर्गा जगदाळे. बिबवेवाडीतल्या एका हाडांच्या नर्सिंग होममध्ये ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे. सगळे मला दुर्गाबाई म्हणतात आणि थोडे घाबरूनही असतात, त्याला माझी ना नाही. डॉक्टर श्यामला गोडबोले आमच्याकडे भूल द्यायला येतात. त्या कुठल्याच एका हॉस्पिटलच्या नाहीत. नारायण पेठेतून ॲक्टिव्हावर निघायचं, पायाशी औषधांची पेटी, सकाळी कोथरूडला कुणाची गर्भपिशवी, दुपारी आमच्याकडे कुणाचा मोडलेला पाय. पाटीवर नाव सर्जनचं. पेशंट ठणठणीत झाला तर सर्जनच्या हाताला गुण, आणि जागं व्हायला जरा उशीर झाला की लगेच "भूल जास्त झाली वाटतं". हे ऐकून ऐकून माणूस कडू होणार नाही तर काय होणार?

पण त्यांचा कडूपणा मजेचा असायचा, हे सांगितलंच पाहिजे. एका पेशंटने विचारलं, "मॅडम, दुखेल का हो?" बाई म्हणाल्या, "मला नाही दुखणार." एका नातेवाइकाने विचारलं, भुलीत काही धोका तर नाही ना? बाई म्हणाल्या, "सातारा रस्ता ओलांडून आलात ना? मग मोठा धोका होऊन गेला." आमचे सर्जन डॉक्टर दिग्विजय एकदा तासभर उशिरा आले, तर बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या, या. हाड आपोआप जुळायच्या आत आलात, उपकार झाले."

मी एकदा त्यांना म्हटलं होतं, अहो बाई, पेशंट आधीच अर्धा मेलेला असतो, त्याला कशाला टोमणे? त्यावर त्या म्हणाल्या, "दुर्गाबाई, घाबरलेल्या माणसाला गोंजारलं की तो आणखी घाबरतो. चिडवलं की हसतो, आणि हसला की नाडी खाली येते." हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मॉनिटरवर नाडी धावत असायची, बाई काहीतरी खवचट बोलायच्या, पेशंट फिस्सकन हसायचा आणि आकडा उतरायचा. त्यांच्या पेटीत जशी औषधं तशी ही जीभ. वर्षानुवर्षं ती लागू पडली, म्हणून त्यांना कधी तिचा डोस मोजावासा वाटला नाही.

औषधांचे डोस मात्र त्या असे मोजायच्या की काय सांगू! पेशंटचं वजन विचारून त्यांचं समाधान व्हायचं नाही, काट्यावर उभं करायच्या. आणि दर पावसाळ्यात आम्हा सगळ्या सिस्टरना बसवून एक शिकवणी घ्यायच्या. त्यातलं मला अजून पाठ आहे. नसेच्या पापुद्र्याला म्हणे बारीक बारीक दारं असतात. त्या दारांतून सोडियम आत घुसतं, आपल्या मिठातलंच सोडियम, आणि ते घुसलं की दुखल्याचा निरोप मेंदूकडे पळतो. बधिर करायचं औषध नसेच्या आत शिरतं आणि आतल्या बाजूने त्या दाराला अडसर लावतं. सोडियम बाहेर ताटकळत, निरोप जागच्या जागी. "मग हात कापला तरी मेंदूला पत्ता नाही," बाई म्हणायच्या, "काही सासरच्या मंडळींचं असतं तसं."

आणि मग आवाज बदलायचा. "पण नीट ऐका. हीच दारं मेंदूत आहेत आणि हीच हृदयात आहेत. औषध नसेपाशी राहिलं तर ठीक. चुकून रक्तात चढलं तर ते तिकडच्या दारांना पण अडसर लावतं. लिग्नोकेन त्यातल्या त्यात सभ्य पाहुणा, येतं आणि उठून जातं. हे दुसरं, बुपिव्हकेन, हे चहा झाला, पोहे झाले, दिवेलागण झाली तरी उठत नाही. हृदयात बसलं की बसलं."

त्यावर उतारा म्हणजे एक पांढरी सलाइनची बाटली. आत तेल, दुधासारखं घुसळलेलं. या औषधांना तेलाची ओढ असते, रक्तात तेल सोडलं की ती हृदय सोडून तेलामागे जातात, असं काहीसं. ती बाटली आमच्याकडे नव्हती. कशाला असेल? कुणाला लागलीच नव्हती कधी. बाईंनी दिग्विजय सरांचं डोकं खाऊन खाऊन ती आणवली. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली, तारीख उलटली की टाकून दुसरी. सर चेष्टेने तिला "बाईंचं दूध" म्हणायचे.

तर असल्या बाई. हे सगळं आधी सांगितलं, कारण नंतर जे झालं ते ऐकून कुणी म्हणेल, निष्काळजी असेल बया. निष्काळजी बाईला एवढं लागलं नसतं.

वैजनाथ मार्केट यार्डात हमाल. भुसार बाजारात पोती उचलायचा. मूळचा परभणीकडचा, बायको वेणूबाई तिथेच धान्य निवडायला जायची. पोत्यांची थप्पी कोसळली आणि उजवा हात खाली सापडला, मनगटाच्या वर दोन्ही हाडं मोडली. प्लेट टाकायची ठरली. बिड्या ओढून ओढून छाती अशी घरघरत होती की बाई म्हणाल्या, याला पूर्ण भूल नको, हात तेवढा बधिर करू.

गळ्याच्या हाडामागे हाताच्या नसांची जुडी असते, तिथे सुई घालायची. सुईला हलकी वीज देणारं एक यंत्र जोडतात. सुई नसेजवळ पोचली की पेशंटची बोटं आपोआप उडायला लागतात. मग औषध थोडं थोडं सोडायचं, मध्ये थांबायचं, सुईत रक्त येतंय का बघायचं, पुन्हा सोडायचं. वैजनाथ टकाटका छताकडे बघत पडला होता. त्याची बोटं उडायला लागल्यावर तो स्वतःच्याच हाताला हसला. बाईंनी औषध सोडायला सुरुवात केली, लिग्नोकेनबरोबर ते न उठणारं बुपिव्हकेनही होतं.

अर्धं औषध गेलं असेल. वैजनाथ म्हणाला, "बाई, तोंडाला कशाची तरी चव यायलीय."

"कशाची?" बाईंची नजर त्याच्या बोटांवर.

"तांब्याची. तांब्याचा पैसा तोंडात धरल्यावानी."

"तांब्याची? अहो, लोक त्यासाठी तांब्याच्या बाटल्या विकत घेऊन हिंजवडीला मिरवत नेतात. तुम्हाला फुकटात मिळतेय. गप्प पडा आता."

थिएटर हसलं. दिग्विजय सर हात धुता धुता हसले, मीही हसले. वैजनाथही हसला. मोठ्या माणसांनी आपली चेष्टा केली की हसायचं असतं, एवढं त्याला यार्डात शिकवलेलं होतं. मग तो गप्प पडला, सांगितलं होतं तसा. आणि उरलेलं अर्धं औषध आत गेलं.

थोड्या वेळाने त्याने डावा हात कानाकडे नेल्यासारखा केला. मला वाटलं खाजवतोय. मग ओठ फडफडले. मग डोळे वर गेले आणि अख्खं अंग आखडून टेबलावर आपटायला लागलं.

"दुर्गाबाई, पांढरी बाटली!"

मी स्टुलावर कशी चढले आणि बाटली कशी काढली मला आठवत नाही. बाईंनी मास्क दाबून धरला होता, झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं होतं, पण तोवर मॉनिटरवरची रेघ फाकत चालली होती. टोकदार ठोके होते ते पसरट झाले, त्यांच्यातलं अंतर वाढलं आणि मग ठोका येईचना. दिग्विजय सर छाती दाबायला लागले. माझी पाचावर धारण बसली होती. मी बाटलीला नळी जोडली. ते पांढरं तेल नळीतून उतरायला लागलं. बाई हळू आवाजात एकेक गोष्ट सांगत होत्या, हे द्या, ते थांबवा, दाबत राहा सर. एकही टोमणा नाही. बराच वेळ दाबलं. मग एक ठोका आला. मग दुसरा. मग हृदयाला चालायची आठवण झाली.

वैजनाथला ॲम्ब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूत हलवलं. बाहेर बाकावर वेणूबाई बसली होती. दिग्विजय सरांनी तिला सांगितलं, "औषध अंगावर गेलं, हृदय बंद पडलं होतं. पण या बाईंनी वाचवलं. उताऱ्याचं औषध याच बाईंनी आणून ठेवलं होतं, म्हणून वाचला." यात एक अक्षर खोटं नव्हतं. वेणूबाई उठली आणि सरळ बाईंच्या पायांवर पडली. बाईंनी पाय असे मागे घेतले, जसा चटका बसला.

आत आल्यावर त्या हात धुवायच्या बेसिनपाशी स्टूल ओढून बसल्या.

"त्याने सांगितलं होतं, दुर्गाबाई."

"काय?"

"तांबं. आधी तोंडाची चव बदलते, ओठांना मुंग्या येतात, कानात वाजतं. मग झटके येतात, मग हृदय. दर पावसाळ्यात मी तुम्हाला काय शिकवते? पेशंट जागा असतो तो याच्यासाठी. तो स्वतःच आपला मॉनिटर असतो. त्याने तोंड उघडून सांगितलं आणि मी त्याला बाटलीचा विनोद ऐकवला. तिथे थांबले असते तर अर्धं औषध बाहेरच राहिलं असतं."

"बाई, तुम्ही वाचवलंत त्याला."

"मी? दरोडा घालणाऱ्यानेच नंतर पोलिसांना फोन केला म्हणून त्याला हार घालायचा का?"

दिग्विजय सर आत आले होते. ते म्हणाले, "मॅडम, हे कुणालाही होतं. पुस्तकात दिलेलंय."

"पुस्तकात हेही दिलंय सर, की पेशंटचं ऐकावं," बाई म्हणाल्या. सरांनी हातमोजे काढून टाकले. मग जाता जाता दाराशी म्हणाले, की बाहेर याबद्दल काही बोलू नका, उगाच हात दाखवून अवलक्षण.

वैजनाथ वाचला, डोकंही शाबूत राहिलं. काही दिवसांनी प्लेट टाकली, ती दुसऱ्या भूलवाल्यांनी पूर्ण भूल देऊन, झालं ते ऐकून हात बधिर करायला ते धजले नाहीत. बाईंनी यायला नकार दिला. आणि व्हायचं तेच झालं, त्याची छाती भरली, खोकून खोकून तो आठवडाभर ऑक्सिजनवर पडून राहिला. तेही बाईंनी स्वतःच्या खात्यावर मांडलं. "मी घाबरून पळाले म्हणून त्याला ते भोगावं लागलं," म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, पावसाला पण तुम्हीच जबाबदार का? तर हसल्या नाहीत.

एक दिवस त्यांच्या मिस्टरांचा मला फोन. गोपाळकृष्ण गोडबोले, बँकेतून निवृत्त झालेले, अत्यंत मोजून मापून बोलणारे गृहस्थ.

"दुर्गाबाई, आपल्याकडे काही घडलंय का?"

"का हो?"

"सकाळी मी म्हटलं, पोह्यात मीठ कमी आहे. तर श्यामला म्हणाली, बरं. आणि मीठ आणून दिलं." मग म्हणाले, "बत्तीस वर्षांत असं झालेलं नाही. मला भीती वाटायला लागलीय."

हसू आलं, पण आवरलं. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हं. मग तिला त्या माणसाला सांगावंच लागेल. त्याशिवाय ती खारट काही बोलायची नाही." आणि फोन ठेवला.

पण सांगायचं म्हणजे काय खाऊ आहे? बाई आमच्याकडे यायच्या, काम करायच्या, खाली मान घालून जायच्या. थिएटरमध्ये असं सामसूम, जसं कुणाचं सुतक आहे. पेशंट विचारायचा, दुखेल का हो? बाई म्हणायच्या, "थोडं दुखेल, मला सांगा." प्रत्येक पेशंटला दर मिनिटाला विचारायच्या, तोंडाला चव येतेय का, कानात वाजतंय का? साधी पाठीतली सुई असली तरी तेच. पेशंट वैतागायचे. मी वैतागले. मी म्हटलं, बाई, एक तर पेशंटला गप्प करता नाहीतर बोलून बोलून जीव नकोसा करता, मधलं काही आहे का नाही तुमच्याकडे?

"नाहीये," त्या म्हणाल्या. "सापडलं की सांगते."

मग तो तांब्याचा दिवस आला. वैजनाथ हात दाखवायला आला होता. बरोबर वेणूबाई, नवं लुगडं नेसलेली, हातात पिशवी. बाई नेमक्या दुसऱ्या केससाठी आल्या होत्या. वेणूबाईने त्यांना पॅसेजमध्ये गाठलं, पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं.

तांब्या होता. नवाकोरा, लखलखीत, तांब्याचा. काठाखाली नाव कोरलेलं, लग्नात भांड्यांवर कोरतात तसं: डॉ. श्यामलाबाई गोडबोले यांना, वैजनाथ व वेणूबाईकडून, जीव वाचवल्याबद्दल.

"ह्येच म्हणले, तांब्याचा घेऊ," वेणूबाई सांगायला लागली. "बाईंनी त्या दिवशी तांब्यावरून चेष्टा केलती म्हणं. बाईला हासू येईल."

वैजनाथ लाजून उभा होता. म्हणाला, "बाई, मला कानात पण घंटी वाजायलती तवा. पर म्हणलं, आता बोललं तर तुम्ही चिडाल. गप्प पड म्हणला होतात, म्हणून पडलो गप्प."

हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं नाही. आपण किती शहाण्यासारखं वागलो, ते सांगत होता.

बाईंनी तांब्या हातात घेतला होता, अंगठा कोरलेल्या नावावर. मी मनात म्हटलं, घ्या, नमस्कार करा आणि आत या, संपवा हे. दिग्विजय सर ओपीडीच्या दारातून डोळ्यांनी तेच सांगत होते.

"वैजनाथ, बसा," बाई म्हणाल्या. "वेणूबाई, तुम्हीही बसा. हा तांब्या माझा नाही. तुमचा जीव मी वाचवला, पण आधी घालवला मीच. तोंडाला तांब्याची चव येणं ही औषध रक्तात चढल्याची खूण असते. तुम्ही सांगितलंत तेव्हा मी सुई काढायला हवी होती. मी विनोद केला, तुम्हाला गप्प केलं आणि उरलेलं औषध घातलं. कानातल्या घंटीची खूणही तुम्ही सांगितली असतीत. माझ्यामुळे नाही सांगितलीत. चूक माझी आहे. औषधाची नाही, तुमच्या नशिबाची नाही. तुम्हाला माझी तक्रार करायची असेल तर कुठे करायची तेही मी सांगते."

वैजनाथला आधी कळलंच नाही. तो म्हणाला, "पर तुम्हीच तर वाचवलं." वेणूबाईला मात्र कळलं. तिचा चेहरा बघता बघता बदलला.

"म्हंजी मी भाईर देवाला हात जोडायलते," ती म्हणाली, "अन् तुम्ही आत हासायलते?"

"हो," बाई म्हणाल्या.

"राहू दे गं," वैजनाथ म्हणाला.

"कामून राहू दे? माझं कुंकू पुसायलतं अन् राहू दे?" तिने बाईंच्या हातातून तांब्या काढून घेतला. कागद खाली पडला होता तोही उचलला, तांब्या गुंडाळला, पिशवीत घातला. मग नवऱ्याचा चांगला हात धरून त्याला ओढत जिन्याने खाली घेऊन गेली. बाईंना एक शब्द बोलली नाही. एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दिग्विजय सर चिडले, हे सांगायला नकोच. "उचलली जीभ लावली टाळ्याला! आता कोर्टात खेचतील!" बाई म्हणाल्या, "जीभ मी त्या दिवशी लावली होती सर. आज विचार करून बोलले."

त्यांनी कोर्टात खेचलं नाही. काहीच केलं नाही. आणि तेच बाईंना सोसवेना. मोबाइल वाजला की दचकायच्या. मार्केट यार्डाकडच्या सिग्नलला हमाल दिसला की मान वळवायच्या. हे त्यांनीच मला सांगितलं, मी काही त्यांच्या ॲक्टिव्हावर मागे बसून जात नव्हते. सांगून टाकलं की मन हलकं होतं म्हणतात, कोण म्हणतात देव जाणे. त्यांचं झालं नाही.

वर्ष उलटलं. वैजनाथची प्लेट टोचायला लागली, पोतं उचललं की कळ यायची. काढायचं ठरलं. छातीची ती तऱ्हा असल्यामुळे पुन्हा हात बधिर करूनच. दिग्विजय सर म्हणाले, दुसऱ्या चांगल्या डॉक्टरांना बोलावू, काळजी करू नका.

वेणूबाई म्हणाली, "नाई. तीच बाई पायजे."

सर चकित. मी तिथेच होते. मी म्हटलं, "अहो, तुम्ही तर तांब्या घेऊन गेलात."

"तांब्याचं सोडा. तिला भेव हाय आता," वेणूबाई म्हणाली. "दुसऱ्याला कुठं हाय?"

मी फोन केला तेव्हा बाई आधी नाही म्हणाल्या. मग पुन्हा स्वतःच फोन करून म्हणाल्या, येते. आल्या तेव्हा तोंडावर रक्त नव्हतं. पांढरी बाटली कपाटातून काढून टेबलाशेजारी ठेवली. या वेळी फक्त लिग्नोकेन, तेही कमी. वैजनाथच्या डोक्याशी स्टूल घेतलं, म्हणाल्या, "वैजनाथ, काहीही वाटलं तरी सांगायचं. चव, घंटी, मुंग्या, काहीही. मी चिडले तरी सांगायचं. ओरडून सांगायचं."

"व्हय."

चिमूटभर औषध सोडलं. "काही वाटतंय?" नाही म्हणाला. पुन्हा चिमूटभर. "आता? तोंडाची चव?" नाही. "कानात?" नाही. "ओठ? जीभ? डोकं जड?" नाही, नाही, नाही. पुन्हा थोडं. पुन्हा तेच. माझा जीव टांगणीला आणि बाईंचा आवाज असा, जसं पोराला ताप आलाय आणि आई दर घटकेला कपाळ चाचपतेय.

शेवटी वैजनाथने डोळे मिटले आणि म्हणाला, "बाई, आता जरा गप्प पडू द्या की मला!"

मग दिग्विजय सरांना हसू फुटलं, मला फुटलं. बाईंनी सुई आधी बाहेर काढली, बाजूला ठेवली, मगच हसल्या. हसता हसता मास्क ओला झाला त्यांचा. "नाही पडू देणार," म्हणाल्या. "तुम्हाला एकदा गप्प पाडून पाहिलंय मी. परवडत नाही."

प्लेट निघाली. वैजनाथ चालत बाहेर आला, बधिर हात झोळीत. बाई त्याच्या मागे. बाकावर वेणूबाई, आणि शेजारी तोच तांब्या, पाण्याने भरलेला, वर फुलपात्र पालथं घातलेलं. वर्षभर वापरात असावा, कडेला पोचा आला होता. नाव मात्र स्पष्ट दिसत होतं. बाईंनी ते वाचलं आणि नजर वळवली.

"रोज चिंच लावून घासते," वेणूबाई म्हणाली. "पर तुमचं नाव काई जायना."

वेणूबाईने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं.

"सकाळपसून त्वांड सुकलंय तुमचं. पाणी प्या."

फुलपात्र आधी वैजनाथने उचललं होतं. बाईंनी तांब्याच दोन्ही हातांनी घेतला आणि भान नसल्यासारखा तोंडाला लावला. घटाघटा प्यायल्या. मग लक्षात आलं, दुसऱ्याच्या तांब्याला आपण तोंड लावलं, उष्टा केला. चांगल्या घरातली बाई, कानकोंडी झाली. "अहो, चुकलं माझं," म्हणाल्या, आणि ते त्या पाण्याबद्दल म्हणाल्या नाहीत हे आम्हा सगळ्यांना कळलं.

वेणूबाईने तांब्या परत घेतला आणि उरलेलं पाणी कुंडीत ओतलं.

"असू द्या," ती म्हणाली. "घरी जाऊन घासायचाच हाय."